डावं दार

प्रिय डावे,

तू फोन घेत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच तोडता येत नाही, आता मुकाट्याने वाच.

बातमी अशी की आपली गाडी बंद होतेय. पहिल्यांदा कारखान्यात आपल्या लाइनवर आली तेव्हा सगळे तिला डबी म्हणायचे, आठवतं? एकच आरसा, मोजके रंग, काच खाली करायला हँडल गरागरा फिरवायचं. हिच्यात माणसं बसणार की बिस्किटं भरायची, असं तूच विचारलं होतंस! मग दुसरा आरसा आला, एसी आला, दारांत पोलादी पट्टी आली आणि ती जड दारं उचलून आपले खांदे भरून यायला लागले. बघता बघता रस्त्यावर जिकडेतिकडे आपली डबी. आता लोकांना उंच गाड्या हव्यात, धुराचे नियम कडक झालेत, आणि तिच्यासाठी नवं इंजिन करणं कंपनीला परवडत नाही म्हणे. मला मेलीला इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

तू डावं दार बसवायचीस, मी उजवं. मधे नुसता सांगाडा, आणि त्यातून आरपार आपल्या गप्पा. मग दोघींनी दारं एकदम लावायची. आवाज एकच आला तर गाडी पुढे, दोन आले तर बिजागऱ्या पुन्हा सैल करायच्या. हे कुठल्या नियमात नव्हतं, आपणच काढलेलं. तुझ्या सासूबाईंच्या घोरण्याची नक्कल करता करता पांढऱ्या गाडीला लाल दार बसवलंस, तेही मला हसण्याच्या नादात दिसलं नाही. आवाज मात्र एकच आला होता! सुपरवायझर त्या दारापेक्षा लाल झाला.

माझ्या बाळंतपणानंतर मला दार पेलायचं नाही. तू आपलं काम उरकून धावत माझ्या बाजूला यायचीस आणि खालून हात लावायचीस. कुणाला कळू दिलं नाहीस. मी कधी आभारही मानले नाहीत, मानले असते तर तू फटका मारला असतास.

तुझ्या लेकाने सगळं सांगितलंय. आजारपणानंतर उजव्या हातात जोर नाही, म्हणून तू उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीस, कुणी भेटायला आलं की झोपेचं सोंग घेतेस. सोंगं तुला कधीच जमली नाहीत गं.

शुक्रवारी शेवटची गाडी आपल्या जागेवर येईल. पांढरीच आहे. सुपरवायझरची परवानगी काढलीय. तुझ्या जागची नवी पोरगी गुणी आहे, दार ती बसवून देईल. तू फक्त लाव, त्याला डावा हात पुरतो. तो आवाज मला दुसऱ्या कुणाबरोबर ऐकायचा नाही. दोन आवाज आले तर येऊ देत, पुन्हा लावू. मी सकाळी फाटकाशी उभी असेन. तू आली नाहीस तर माझं दार मी उघडंच ठेवणार, आणि लाइन अडली की शिव्या तुझ्या नावावर.

तुझीच,
उजवी