बोलावणं येईल तेव्हा

माय, तुझी खानावळ होती त्या बोळात आज गेलो होतो. चुलीच्या जागी आता कुणीतरी सायकली दुरुस्त करतो. उभा राहिलो अन् तो दिवस आठवला. तू कळण्याच्या भाकरी थापते आहेस, जिनिंग-प्रेसमधले कारकून नुकतेच जेवून गेलेत, त्यांतलाच एक नव्या कापूस-प्रेस कंपनीचा छापील कागद ठेवून गेलाय. इंग्रजी कागद. मी जळगावातल्या शाळेत नुकताच मास्तर लागलेलो, तोही इंग्रजीचा! पिठाचे हात पुसून तू समोर बसलीस आणि म्हणालीस, "वाच."

वाचला. शंभराचा एक शेअर, पन्नास आत्ता भरायचे, बाकी 'ऑन कॉल'. कॉल म्हणजे हाक मारणं, एवढं मला येत होतं. दिलं ठोकून, "शंभराचा शेअर पन्नासात मिळतोय, माय. बाकी काही नाही, सभेचं बोलावणं येईल तेव्हा जायचं." तू विचारलंस, "नक्की शे ना?" मी म्हणालो, "नक्की शे." किती खूश झालीस तू! खानावळीची ती भाड्याची खोली विकत घ्यायला जमवलेल्या पैशांतून चार शेअर घेतलेस. शेजारच्या पिंजाऱ्याच्या बायकोला, आपल्या चाचीलाही, दोन घ्यायला लावलेस. "मना पोऱ्यानी सोता वाचेल शे," हे तिला सांगतानाचा तुझा आवाज बोळाच्या टोकापर्यंत जात होता.

दोन-तीन वर्षांत कंपनी बुडाली. गोदामात नसलेल्या कापसाच्या गाठी आहेत असं दाखवून चालकांनी कर्ज उचललं, असा आरोप. मग बुडालेल्या कंपनीचा पसारा आवरायला कोर्टानं नेमलेल्या माणसाचं पाकीट आलं: शेअरमागे उरलेले पन्नास भरा. त्या कागदावर तोच शब्द होता, कॉल. बोलावणं आलं होतं, माय, पण आपल्याला नव्हे, आपल्या पैशांना.

चाळीसगावला गाडी बदलून तू, चाची आणि मी धुळ्याच्या कोर्टात गेलो. तू वकिलाला सरळ विचारलंस, "चोरी त्यास्नी करी, पैसा आम्ही भरूत का?" माणूस बरा होता, त्यानं समजावून सांगितलं. चालकांवरचा खटला वेगळा चालेल. पण तुमची नावं भागधारकांच्या यादीत आहेत, कंपनीचं देणं फेडायला उरलेली रक्कम तुम्हाला भरावीच लागेल. फसवणूक झाली म्हणून शेअर परत करायचे तर कंपनी बुडायच्या आधी यायला हवं होतं. मग चष्मा काढून म्हणाला, "पहिल्या कागदात हे स्वच्छ लिहिलंय. घरात इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं का?" चाचीनं माझ्याकडे पाहिलं. तूच म्हणालीस, "व्हतं ना. त्यानी बराबर सांगं, मीच उलटं ऐकं."

घरी आल्यावर तू खानावळीची पितळी पातेली विकलीस. चाचीचेही शंभर तूच भरलेस. ती नको नको म्हणत रडली. त्यानंतर हात चालत होते तोवर तू दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक केलास. चालक सुटले, पुरावा पुरला नाही म्हणे. त्यांचा राग येतो, नाही असं नाही. पण अर्ध्या वाटेत तो माझ्याकडेच वळतो. मी आपला मास्तर म्हणून चारचौघांत मिरवत राहिलो. तू कधी बोलली नाहीस. एकदाच, भाकरी वाढता वाढता, हसून म्हणालीस, "साळामा पोऱ्यासले सांगस ना रे, नही समजनं ते इचारा?"

हे पत्र कुठं धाडू? आणि धाडलं असतं तरी तुला अक्षर कुठं येत होतं! मलाच समोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं. तू "वाच" म्हणाली असतीस, आणि शेवटची ओळ मी नक्की गाळली असती. कागदावरचा तो शब्द मला कळला नव्हता, माय, आणि कळला नाही हे मला तेव्हाही ठाऊक होतं.