मनगटावरची पिवळी फीत

२ डिसें., शुक्र.
दारूच्या वयावरचा लेख आज छापून आला. मुद्दा साधा: अठराव्या वर्षी मत द्या, एकविसाव्या वर्षी बोहल्यावर चढा, व्हिस्की मात्र पंचविशीनंतर. म्हणजे संसाराची पहिली चार वर्षं शुद्धीत काढायची. संपादक हसले. सुधा नाही. "अहो, घरात तेवीस वर्षांची मुलगी आहे. जरा बघून लिहीत जा."
संस्कृतात मद्याला नावं ढीगभर, वयाची अट गुरुजींनी शिकवल्याचं स्मरत नाही. हे वाक्य जागेअभावी कापलं गेलं. बरंच झालं.

४ डिसें., रवि.
मुक्ताच्या हिंजवडीच्या कंपनीची पार्टी शनिवारी, खडकवासल्याजवळच्या रिसॉर्टवर. व्यवस्था हिच्याकडे, दारूच्या परवान्याच्या हमीपत्रावर सहीही हिचीच हवी: पंचविशीच्या आतल्या कुणालाही दारू मिळणार नाही. निम्मी टीम पंचविशीच्या आतली. हिचा साहेब म्हणाला, "फॉर्मॅलिटी आहे यार, कर ना साइन!"
जेवताना मला: "बाबा, कायदा हास्यास्पद आहे असं तुम्हीच लिहिलंत ना? मग करू सही?"
"लेख वेगळा, सही वेगळी."
"म्हणजे लोकांच्या मुलांना लेख आणि तुमच्या मुलीला कायदा?"
मी पाणी मागितलं. सुधानं पाणी दिलं. बाजू नाही घेतली.

७ डिसें., बुध.
लेखावर पत्रं. बिबवेवाडीचे एक गृहस्थ: 'आपणांस अपत्य नसावे असे दिसते.' छान.
मागे अशाच एका पार्टीवर छापा पडला होता. सही करणाऱ्या पोराला चौकीत बसवून ठेवलं. बातमी माझीच, चार ओळी. आज पुन्हा वाचल्या. तेव्हा फारच आटोपशीर वाटल्या होत्या.

८ डिसें., गुरु.
मुक्तानं तोडगा काढलाय. मनगटाला फिती. पंचविशीवरच्यांना हिरवी, खालच्यांना पिवळी. पिवळीला फक्त सरबत. टक्कल पडलेला टीम लीडर पिवळ्यात निघाला, फार दुखावलाय. साहेब: "तू काय शाळामास्तरीण आहेस?" ही: "आजोबा होते."
सही करून टाकली. मला न विचारता. विचारलं असतं तर काय सांगणार होतो, कोण जाणे.

१० डिसें., शनि.
दुपारी गेली. स्वतःच्या मनगटावर पिवळी, गाठ सुधानं मारली.
संध्याकाळी फोन. मागे गाण्यांचा दणदणाट.
"बाबा, हिरव्यावाल्यांनी फिती सोडून पोरांना दिल्यात. सगळे हिरवे झालेत! मी काउंटर बंद करायला लावला तर सर म्हणतात, सोमवारी येऊ नकोस."
"मग?"
"बंद केलाय. पण पोरं पिऊन बसलीत, आणि फाटकात तपासणीची गाडी आलीय. सही माझी आहे. तुम्ही याल? बाबा म्हणून या हं. पेपरवाले म्हणून नको."
फोन ठेवतोय तोच संपादकांचा. "खडकवासल्याला काहीतरी गडबड आहे म्हणतात. तुमचाच विषय, तुम्हीच जा."
रिक्षा येईपर्यंत हे लिहितोय. सुधा दारात, चपला घालून. पेपरचं ओळखपत्र शर्टाच्या खिशात आहे. काढलेलं नाही अजून.
फोनवर दोघांनाही एकच उत्तर दिलं: निघालो.