आठ बाहुल्यांचे केस

कुरुळी,
९ डिसेंबर २०२४

प्रिय प्राजक्ता,

अनेक आशीर्वाद. आमी सगळी बरी आहोत. ह्यांची सेकंड शिफ्ट चालू आहे, नेहाचा खोकला गेला. कासारवाडीला थंडी कशी आहे?

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर जीभ रेटेना, म्हणून.

बाहुल्यांच्या केसांचे टोप करायला तुला मीच शिकवलं. लोकर उलगडायची, तारेच्या ब्रशनं विंचरून मोकळी करायची, मानेकडून वर एकेक ओळ चिकटवत न्यायची, भांग शेवटी. वर्षभरात तू माझ्यापुढं गेलीस. चाकणच्या दुकानवाल्या बाईंनी आठ टोपांची ऑर्डर तुला दिली, तेव्हा मी "छान झालं गं!" म्हटलं. छान कसलं! अंगाचा तिळपापड झाला होता.

त्यात आमची नेहा. मी केलेली बाहुली कपाटावर आणि तुझी उशाशी! म्हणते, "काकूचे केस खरे वाटतात, तुझे झाडूसारखे." पोटची पोर, पण दिवसभर तिच्याशी बोलले नाही.

मग तू विचारलंस, "ताई, टोप गरम पाण्यात घालून सरळ करू ना?" आपली नेहमीची लोकर नकली, तिला गरम पाणी चालतं. पण या वेळी पिशवी मी आणून दिलेली, आणि ती खरी मेंढीची होती. गरम पाण्यात चोळली की आळून गोळा होते. मला ठाऊक होतं गं! तरी म्हणाले, "घाल की. चांगलं चोळ."

आठही टोप एकदम गेले. तू रडत फोन केलास, "ताई, तुम्ही नीट सांगितलं होतं, मीच जास्त चोळलं असंल." बाईंनाही तेच सांगितलंस. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

ज्ञानेशभावजींबरोबर आठ नवे टोप पाठवतेय. बाईंनी रविवारपर्यंत मुदत दिलीय ना? तुझ्याच नावानं दे. उपकार नव्हेत हे. खरं सांगू? करतानाही जळतच होते, तुझ्यापेक्षा सरस व्हावेत म्हणून दोनदा भांग काढून पुन्हा चिकटवला.

काल नेहानं ते पाहिले. एकेका टोपावरून हात फिरवला, एक गालाला लावून बघितला. मग म्हणाली, "काकूनं पाठवले?"

मी "व्हय" म्हणाले.

आता हवं ते बोल मला, पण बोलणं टाकू नको.

जिला ताई म्हणतेस ती,
तुझी थोरली जाऊ
स्नेहल