साखर म्हणजे हळद नव्हे

राजेगाव
२० मार्च १९९६

ती. सौ. मीनाक्षीताईंस,
धाकटी जाऊ कमलाचा शि. सा. न. वि. वि.

वैदेहीचं लग्न तुमच्या घरून, बालाघाटला लावायचं हे त्र्यंबकदादांनी ठरवलं, तेव्हा माझ्या डोक्यावरचं ओझं अर्धं झालं. तिचे बाबा गेल्यापासून दादांनी पुतणीला कधी परकं मानलं नाही. कन्यादानाला तुम्ही दोघं बसणार, ते तसंच व्हावं. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

एकच विचारायचं आहे. वैदेही मलाजखंडच्या शाळेतल्या नोकरीवरून सुट्टीवर आली की एकच धोशा लावते. म्हणते, मले पहिली हळद तुह्याच हातची पाहिजे, बाकीच्या बायका मंग लावोत. मी म्हटलं, विधवा बाया हळदीले हात लावत नसतात, तुले माहीत नाही का. तर म्हणते, काहून नसतात ते मोठ्या आईले विचार, त्या कॉलेजात तर्कशास्त्रच शिकवतात. म्हणून विचारते. तुम्ही हो म्हटलं तर पुढे बोलायची कोणाची छाती नाही. सगळं गणगोत तुमच्या शब्दाला भितं, त्यात मीही आहेच.

एक बोटभर लावीन. कपाळाला नको, हाताला चालेल.

तुमच्या ईरासाठी चारोळ्या पाठवल्या आहेत. तिला म्हणावं, काकूची आठवण काढून खा. माझ्या लिहिण्यात काही वेडंवाकडं असेल तर पोटात घाला आणि आजवर ठेवलात तसा लोभ पुढेही ठेवा.

तुमची
कमला


बालाघाट
२७ मार्च १९९६

गं. भा. कमला हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. त्यातील विनंती आणि खुशामत मी प्रथम वेगळी केली. खुशामत बाजूला ठेवून विनंतीला उत्तर देते.

हळद लावणे म्हणजे केवळ स्पर्श करणे नव्हे. स्पर्शच हवा असता तर हळदीची आवश्यकता नव्हती. लावणारी स्त्री आपल्याजवळचे सौभाग्य वधूला देऊ करते, असा त्या क्रियेचा अर्थ आहे. आणि जे आपल्याजवळ असते तेच देता येते. तुझ्याजवळ ते नाही. यावरून काय निष्पन्न होते हे सांगण्याची गरज नसावी, तरी संदिग्धता नको म्हणून लिहिते. तू हळद लावू शकत नाहीस. बोटभरही नाही, आणि हातालाही नाही. प्रमाण घटवल्याने क्रियेचा प्रकार बदलत नाही.

तू म्हणशील, यात माझा दोष कोणता? दोष नाहीच. दोष असता तर क्षमा करता आली असती. ही वस्तुस्थिती आहे, आणि वस्तुस्थितीला क्षमा लागू होत नाही.

मी स्वतः या समजुती मानते का, असे वैदेही विचारील. तो प्रश्न गैरलागू आहे. विधी करायचाच असेल तर तो त्याच्या नियमांनी करावा. नसेल तर कचेरीत जाऊन सह्या कराव्यात, त्यालाही माझी हरकत नाही. अर्धा विधी आणि अर्धी सवलत मला मान्य नाही. यजमानीण या नात्याने सुवासिनींत पहिली मी आहे, म्हणून निर्णयही माझाच आहे. हळदीच्या वेळी तू स्वयंपाकघरात असावेस. तिथेही काम पुष्कळ असते.

चारोळ्या खाऊन ईराचे पोट बिघडले. पुन्हा पाठवू नयेत. तुझ्याविषयी लोभ आहे. तो या उत्तराने कमी झाला असा ग्रह करून घेऊ नये.

मीनाक्षी


मलाजखंड
९ एप्रिल १९९६

ती. मोठ्या आईस,
वैदेहीचा सा. न. वि. वि.

आईने तुमचं पत्र मला वाचायला दिलं. आणि पुढ्यातले तांदूळ निवडत राहिली. मी तुमचीच पुतणी, तेव्हा तुमच्याच पद्धतीने एक मुद्दा मांडते. चुकले तर कान धरीन. पण माझाच धरीन, तुमच्या हाती देणार नाही.

हळद म्हणजे सौभाग्य, हे मान्य. मग साखर म्हणजे काय? आमच्या कॉलनीत शेजारच्या क्वार्टरमधल्या भाभीजी साखरेत खोबरेल तेल कालवतात, वरून लिंबू पिळतात, आणि ओल्या अंगावर ते गोल गोल चोळून कोमट पाण्याने धुतात. कातडी अशी होते की मक्खन. पार्लरवाल्यांनी त्याला मोठं इंग्रजी नाव दिलंय. भाभीजी नुसतं चीनी लगाना म्हणतात. त्यांचं ठाम मत आहे की शादी के पहले तो करना ही करना, वरना हल्दी चढती ही नहीं.

तर हळदीच्या आदल्या दिवशी हे मला आईने चोळायचं. साखरेला सौभाग्य म्हटल्याचं मी कुठे ऐकलेलं नाही. विधवा बाई पाहुण्यांच्या चहात साखर घालते, ती कोणी परत करत नाही. मग लेकीच्या पाठीला का घालू नये?

तुमचे होणारे जावई अनुराग म्हणतात, या मुद्द्यावर तुमची मोठी आई हरणार. मी म्हटलं, तुम्ही त्यांना ओळखत नाही. त्या हरल्या तरी समोरच्याचे मार्क कापतात.

ईराला खूप खूप पापे. रागावलात तरी माया आटवू नका.

तुमची लाडकी (हेही सिद्ध करून दाखवीन)
वैदेही


बालाघाट
१६ एप्रिल १९९६

चि. वैदेही हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा युक्तिवाद वाचला. तो निर्दोष आहे. साखर म्हणजे हळद नव्हे. म्हणून हळदीविषयीचा निषेध साखरेला लागू होत नाही. मी परवानगी देते.

मात्र ज्या आधारावर तू जिंकलीस, तो तू शेवटपर्यंत वाचलेला दिसत नाही. साखर लावणे हा विधी नाही, म्हणूनच कमलाला ती मुभा मिळते. जे विधी नाही ते विधीसारखे दिसताही कामा नये. ती केवळ आंघोळ आहे. परसातल्या मोरीत, दार लावून, बायका जमण्यापूर्वी ती उरकावी. पाट मांडू नये, रांगोळी काढू नये, दिवा लावू नये, गाणे म्हणू नये. तुझ्या आईच्या डोळ्यांत पाणी येणार असेल तर ते साखर कालवण्यापूर्वी येऊन जावे. आणि आईची हळद आधी लागली, असे पुढे कोणी कोणास सांगू नये. कारण ते असत्य होईल.

रेशनच्या साखरेचा दाणा जाड असतो. तो खलबत्त्यात थोडा मोडून घ्यावा, अन्यथा ओरखडे उठतील आणि छायाचित्रांत दिसतील.

अनुरागरावांना सांग की मी हरलेली नाही. ज्या गोष्टीला अर्थ नाही तिला मनाई करण्याचे कारण मला सापडले नाही, इतकेच. अभ्यासू राहा, माया आटण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

मोठी आई


बालाघाट
१८ मे १९९६

गं. भा. कमला हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कार्य व्यवस्थित पार पडले. वैदेही सासरी रुळते आहे, असे अनुरागरावांचे पत्र आहे. तुझ्या वर्तनात काही वावगे नव्हते, हे मी यांच्यापाशीही बोलून दाखवले.

तथापि मोरीत मुंग्या झाल्या आहेत. साखर धुऊन निघेपर्यंत पाणी ओतावयास हवे होते, ते ओतले गेले नाही. तांबड्या मुंग्यांची रांग पायरीपासून थेट नहाणीच्या दगडाखाली जाते. कामवाली मैनाबाई रोज राख टाकते आणि रोज तुझे नाव घेते.

ईरा त्या दिवशी दार ढकलून आत शिरली आणि तिने आपली कोपरेही चोळून घेतली, असे कळले. माझ्या लग्नात मला हे कोण लावील, असे तिने विचारले तेव्हा तू म्हणालीस की तुही आई सुवासिन आहे, ते तुले खरी हळदच लावीन, तुले साखरेची काय गरज. उत्तर योग्य होते.

आता शेवटची बाब. मी पहिली हळद लावताच वैदेही रडू लागली. तू स्वयंपाकघरात होतीस, त्यामुळे तुला दिसले नसेल. जमलेल्या बायकांनी ते सासरी जाण्याचे दुःख समजून आपापले पदर डोळ्यांना लावले. मी कारणाचा विचार केला. आदल्या दिवशी चोळून कातडी हुळहुळी झालेली होती. त्यावर लिंबाचा अंश राहिला आणि हळद झोंबली. लिंबाचे प्रमाण तू अधिक घेतलेस. तुझा हेतू चांगला होता, याविषयी शंका नाही. परंतु मुलीला रडवले ते तुझ्या हाताने, हे तुला माहीत असावे.

कळवण्यात कठोरपणा नाही. लोभ आहे तसाच आहे.

मीनाक्षी


बालाघाट
६ एप्रिल २००९

गं. भा. कमला हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

घरात फोन आहे. परंतु फोनवर कोणी कोणाचे वाक्य पूर्ण होऊ देत नाही, म्हणून लिहिते.

ईराचे लग्न मे महिन्यात याच घरी आहे. मुलगा यशोधन, गोंदियाचा. यांना जाऊन वर्ष होत आले, त्यामुळे व्यवस्था मलाच पाहावी लागते. पहिली सुवासिन म्हणून वैदेहीने यावे, अशी इच्छा आहे. तिला वेगळे लिहीतच आहे.

मी हळदीला बसणार नाही. ईराने हट्ट धरला. म्हणते, मम्मी, आजकल ये सब कौन देखता है, आप ही लगाओ. मी तिला सांगितले की माणूस पाहून बदलतो तो नियम नव्हे, ती मर्जी. आणि कमलाकाकूच्या बाबतीत मी मर्जी चालवली नव्हती. त्या वेळी काढलेला निष्कर्ष मला आजही बरोबर वाटतो. आज मी तो सोडला तर त्या दिवशी मी नुसतीच निर्दय होते, असे सिद्ध होईल. तसे नव्हते. यावर ईरा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्यामुळे निष्कर्ष बदलत नाही.

तेव्हा आदल्या दिवशीची साखर उरते. ती मी लावणार आहे. साखर किती, तेल किती, कालवायचे केव्हा, हे नेमके कळव. विशेषतः लिंबाचे प्रमाण कळव. ते तुझ्याकडून चुकले होते, आणि ईराला तसा त्रास होऊ नये.

उत्तर लवकर यावे. लोभ आहे तो असावा.

मीनाक्षी


राजेगाव
१५ एप्रिल २००९

गं. भा. मीनाक्षीताईंस,
कमलाचा शि. सा. न. वि. वि.

वरची दोन अक्षरं तुमच्या नावामागे लावताना हात थांबला. पण तुम्ही माझ्या नावामागे ती इतकी वर्षं न थांबता लावलीत, तेव्हा मीही लावली.

वैदेही येईल. तिला मी सांगितलं आहे की मोठ्या आईने बोलावलं की जायचं असतं.

साखर दोन वाट्या घ्या, खोबरेल एक वाटी. उन्हाळ्यात तेल पातळ असतं, तेव्हा वाटीला थोडं कमीच. वैनगंगेच्या काठची ओली वाळू मुठीत धरली की जशी लागते, तसं झालं पाहिजे. कालवायचं ऐन वेळी. आधी कालवून ठेवलं तर साखर बुडाशी बसते आणि तेल वर येतं. ईराचं अंग अगोदर ओलं करा. सुरुवात पाठीकडून करा, म्हणजे लेकीला आपलं तोंड दिसत नाही. मग दंड, कोपरं, गुडघे, टाचा. चेहऱ्याला लावू नका. जोर देऊ नका. तिला न्हाऊ घालायला नेहमी मैनाबाई होती, तुमच्या हाताला त्या अंगाचा अंदाज नसेल.

बाकीचे नियम तुमचेच, तुम्हाला पाठ असतील. परसातली मोरी, दार लावलेलं, बायका जमायच्या आत. पाट नाही, रांगोळी नाही, दिवा नाही, गाणं नाही. डोळ्यांत पाणी येणार असेल तर कालवण्यापूर्वी येऊन जाऊ द्या. मी तसंच केलं होतं. मोरीत पाणी सढळ ओता, नाहीतर मुंग्या होतात.

हळदीच्या वेळी स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहा. दार बदललं नसेल तर बिजागरीकडून फट आहे. तिथून तोंड दिसत नाही, पण पाय दिसतात. पहिली हळद लागते तेव्हा पोरगी पायाची बोटं आवळते. मला दिसलं नसेल असं तुम्ही लिहिलं होतं. मला तेवढं दिसलं होतं.

आता लिंबाचं. भाभीजींच्या साखरेत होतं, माझ्या साखरेत नव्हतं. दुसऱ्या दिवशी हळद लागणार आणि झोंबणार, हे मला सुचलं होतं, म्हणून मी लिंबू चिरलंच नाही. वैदेहीला काही झोंबलं नव्हतं, ताई. तुम्ही कारण लिहून पाठवलंत तेव्हाच कळवता आलं असतं. नाही कळवलं. म्हटलं, राहू दे, कधी ना कधी त्या विचारतील.

लोभ तुम्ही ठेवलात तेवढाच माझ्याकडे आहे. त्याहून जास्त मागू नये.

कमला


बालाघाट
१२ मे २००९

कमला,

तू कळवलेली कृती बरोबर होती. साखर ऐन वेळी कालवली. आरंभ पाठीकडून केला. दार लावलेले होते.  कोपरांपाशी आल्यावर ईराने विचारले की काकूने तेव्हा किती हलक्या हाताने चोळलं होतं, ते तुम्हाला माहीत आहे का. मला माहीत नव्हते.

मोरीत पाणी ओतलेले नाही. मुंग्या आल्या आहेत. मैनाबाईला राख टाकू दिली नाही.

दार तेच आहे. फटीतून पाय दिसतात.

वैदेहीने पहिली हळद लावली तेव्हा ईरा रडली. मला ते ऐकू आले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले असतील. तेवढे त्या फटीतून दिसत नाही. नंतर वैदेही हळदीचे हात घेऊन स्वयंपाकघरात आली, माझ्यापासून अंतर ठेवून उभी राहिली आणि तिने विचारले, मोठी आई, तुम्ही साखरेत लिंबू घातलं होतं का.

मी नाही म्हणाले.

मीनाक्षी