स्प्रिंगचा पाना

गिल्बर्ट,

घर उलथंपालथं करू नकोस. गाडी खाली-वर करायला स्प्रिंगची रिंग फिरवायचा पाना माझ्या पिशवीत आहे आणि मी पार्ल्याला इव्हामावशीकडे चाललेय.

रेससाठी गाडी जमिनीला टेकवलीस, पण गटाराचं पाणी अडवायला फाटकात मी उंबरा घातलाय, तो विसरलास ना शहाण्या? आता गाडी वर उचलल्याशिवाय बाहेर निघायची नाही. पप्पापण असेच हसत रेसला गेले. त्यांच्या फोटोशेजारी दुसरा खिळा मी ठोकणार नाही.

बोंबलाचं कालवण झाकून ठेवलंय, माझ्यावर रागावून उपाशी राहू नकोस. रेस होईपर्यंत मी घरी येत नाही. आले तर तू तोंड पाडून पाना मागशील, आणि मी देऊन टाकेन.

आई