लाल चवळीचा भात

प्रिय मिओरी,

बर्फाच्या भाराने मोडू नयेत म्हणून बागेतल्या पाइनच्या फांद्यांना दोर बांधून झाले, पण बर्फ अजून पडलेला नाही. तुझ्याकडे सेंदाईत पडला असेल. पत्राची सुरुवात हवामानाने करायची आपली रीत बरी आहे. काय लिहायचं ते ठरेपर्यंत हात चालू राहतो. हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलंय. आधीची तिन्ही हवामानापुढे सरकली नाहीत.

तीन आठवड्यांपूर्वी तू फोनवर हसत हसत म्हणालीस, "आई, रविवारी पोटात उजवीकडे असं दुखलं म्हणून सांगू! पण माझं अपेंडिक्स लहानपणीच काढलंय ना, मग घाबरायचं कशाला? गोळी घेतली नि झोपले. सकाळी ठणठणीत." मी नुसतं "हं" म्हटलं आणि तुला विचारलं, तिकडे मुळा चांगला मिळतो का. तू म्हणालीस, "तुझं डोकं कुठे असतं गं?" बाळा, ते त्या "हं"पाशीच अडकून पडलंय.

तुला तो लाल चवळीचा भात आठवतो? बारा वर्षांची होतीस, पहिल्यांदा पाळी आली होती. तुझ्या मैत्रिणींच्या आयांनी केक आणून विषय मिटवला होता. मी मात्र चवळी भिजवली, चिकट तांदूळ वाफवले, वर तीळमीठ घातलं, आणि एक डबा शेजारच्या होंजोकाकूंना दिला. हा भात शुभप्रसंगीच करतात, त्याचं कारण कुणी विचारत नाही. काकूंनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि वाकून अभिनंदन केलं. तू दार आपटून ओरडलीस, "आता छपरावर भोंगा तेवढा लाव!" बाबा वाटीत तोंड खुपसून बसले. मी शेगडीपाशी रडत होते. तुला वाटलं, तुझ्या बोलण्याने रडतेय. रात्री येऊन तू दोन घास खाल्लेसही. मी तुला तसंच वाटू दिलं. आपल्या घरात आनंदसुद्धा भातातून सांगतात, तोंडाने नाही. दुःखासाठी तर तसा पदार्थही नाही.

दर एप्रिलला आपण मोठ्या इस्पितळात अ‍ॅलर्जीच्या रक्ततपासणीला जायचो, येताना तू चवळीचं गोड पुरण भरलेली पोळी मागायचीस. तुला धुळीची, अंड्याची, कशाचीच अ‍ॅलर्जी नाही. तरी अजून मैत्रिणींना सांगतेस, "मला कसली तरी आहे, आईला माहीत."

आईला माहीत होतं. पण धड काय माहीत होतं, हे मला आजही सांगता येत नाही. तू सहा वर्षांची असताना मी डॉक्टर इनामींना विचारलं होतं, हिच्या पोटातली ही गाठ वाईट आहे का? ते म्हणाले, "तसं म्हणता येईल, आणि तसं नाहीही." पुढे हिला मुलं होतील का? "बहुधा होतील. पण इतक्या लहान वयात अशी गाठ झालेल्या मुली मोठ्या झाल्यावर त्यांचं काय होतं, हेच आम्हाला नीट माहीत नाही. म्हणून तर अभ्यास चालू आहे." मी त्या अभ्यासात तुला घेण्याच्या कागदावर सही केली. बाहेर बाकावर आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सुनबाई, अपेंडिक्स म्हणायचं. पोरीच्या लग्नाच्या वेळी लोक नको ते खोदून काढतात." बाबा म्हणाले, "मोठी झाली की सांगू." मला तेव्हा दोघांचंही पटलं. तू शुद्धीवर येऊन विचारलंस, "काय काढलं?" आणि मी इतक्या सहज उत्तर दिलं की मलाच नवल वाटलं.

अभ्यासाचा कागद दरवर्षी येत राहिला; एप्रिलची रक्ततपासणीही त्या गाठीसाठीच असायची. उंची, वजन, पाळी, सगळं मी भरत गेले. शेवटचा प्रश्न नेहमी एकच: रुग्णाला आपल्या आजाराची माहिती आहे का? मी "नाही"भोवती गोल करायचे. एका वर्षी लाज वाटून "हो"भोवती केला. मी कुणाला जपत होते, तुला की मला? आजी गेल्यावर तरी सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

आता तू वीस वर्षांची झालीस. यंदा कागदाबरोबर लिहून आलंय की यापुढची सही तुझी स्वतःची हवी. पण हे पत्र त्या सहीसाठी नाही. सही कर, नाहीतर कागद फाडून टाक, मी विचारणार नाही. फोन करायला गेले तर तोंडातून पुन्हा मुळाच निघेल, म्हणून लिहितेय. तुझं अपेंडिक्स तुझ्या पोटातच आहे, मिओरी. काढलं ते उजवं अंडाशय, गाठीसकट. डावं शाबूत आहे; त्या भाताच्या दिवशी त्यानेच मला रडवलं. पुन्हा दुखलं तर गोळी घेऊन झोपू नकोस, सरळ डॉक्टरांकडे जा आणि त्यांना हे पत्र दाखव. पालकांनी भरायच्या भागात मी यंदा पुन्हा "हो"भोवती गोल केलाय. केला तेव्हा ते खोटं होतं. तू इथपर्यंत वाचलं असशील, तर आता ते खरं आहे.

रागावलीस तरी तुझीच,
आई