सहाजणांची होडी

तीर्थरूप मामांना जावयाचा वाकून नमस्कार. (नीट वाकता येत नाही, उजव्या बरगडीवर लेप आहे. कारण पुढे येतंच आहे.) आपला गुडघा, मामींचा खोकला आणि होडीचं नवं वल्हं, सगळं ठीक असावं. आम्ही खुशाल आहोत, म्हणजे आता आहोत.

दर रविवारी सलून बंद ठेवून मी बंदरातल्या स्वयंसेवकांच्या गस्तीच्या बोटीवर जातो, हे आपल्याला माहीत आहेच. ('केस कापणाऱ्याचं बोटीवर काय काम?' असं आपण चारचौघांत विचारलंत, ते मी मनाला लावून घेतलेलं नाही.) आमचे कप्तान म्हणजे बंदरातले निवृत्त क्रेनवाले. बोलतात कमी, बघतात जास्त. गेल्या रविवारी भर गर्दीत, इकडे फेरीबोटी, तिकडे मच्छीमार, मधून एक मालवाहू जहाज येतंय, आणि नेमकी त्याच्याच वाटेत एक वल्ह्याची होडी रेंगाळतेय. होडी सहाजणांची, आत होडीवाला धरून नऊ. जॅकेट एकाच्याही अंगात नाही. (एक होतं, त्याच्यावर होडीवाला बसला होता.) मी कर्ण्यावरून ओरडलो, "जॅकेट घाला! बाजूला व्हा!" तो म्हणाला, "चाळीस वर्षं पाण्यात आहे, मला शिकवतोस?" (हे वाक्य मी आधी कोणाच्या तोंडून ऐकलंय, ते लिहीत नाही.) क्रेनवाले म्हणाले, "दोर टाक, ओढून नेऊ." मी दोर टाकला. फक्त त्या दोराच्या वेटोळ्यात मीच उभा होतो.

मामा, दोरापाठोपाठ मीही गेलो. बरगडी बोटीच्या काठावर आपटली आणि मी पाण्यात. जॅकेटने मला बुचासारखं वर आणलं. ते बघायला होडीतले सगळे हसत हसत एकाच बाजूला वाकले, आणि होडी उलटली.

पुढचं हसण्यासारखं नाही. एक आजी माझ्याशेजारी वर आल्या आणि त्यांनी माझ्या जॅकेटचा पट्टा धरला. पोहता त्यांना येत नव्हतं, मलाही येत नाही. मी त्यांना कवटाळून "सोडू नका, सोडू नका" एवढंच म्हणत राहिलो. जहाजाचा भोंगा कानठळ्या बसवत होता. क्रेनवाल्यांनी बोट मध्ये घातली, एकेकाला वर ओढलं, आणि आम्ही जेमतेम बाजूला झालो तोच जहाज गेलं. त्यांनी मोठ्याने मोजलं, होडीतले नऊ आणि दहावा मी. मग पुन्हा मोजलं. आजींची बोटं पट्ट्यावरून सोडवायला दोघं लागले.

गस्त मी सोडणार नाही, मामा. मामींना फक्त बरगडीचं सांगावं.

आपला,
लेपाखालचा जावई

ता. क. – खरं काम राहिलंच. येत्या रविवारी गस्त आपल्या धक्क्यावर आहे. आपलीही होडी सहाजणांचीच, आणि सुट्टीच्या दिवशी तीत किती कोंबले जातात ते मला ठाऊक आहे. सोबत सहा जॅकेटं पाठवतोय, सर्वांत मोठं आपलं. ते अंगात घालायचं, बुडाखाली नाही. सातवा माणूस दिसला तर होडी परत धक्क्याला लागेल. नातं बघितलं जाणार नाही.

आणखी एक ता. क. – मला पोहता येईपर्यंत क्रेनवाल्यांनी धक्क्यावर कर्णा सांभाळायला बसवलंय. बोटीवर माझ्या जागी आपली मुलगी असेल. पोहण्याची परीक्षा ती पहिल्याच झटक्यात पास झाली. माझ्याशी एकवेळ आपल्याला वाद घालता आला असता.